नुसती तोंडे बदलून भागणार नाही

महोदय,

मुलांच्या व्हिडिओ गेममध्ये मराठी पात्रे हवीत, असे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. मागणी रास्त आहे. पण पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेम दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून थोडे लिहितो.

नव्वदच्या दशकात ‘९९९९९९९ इन १’ छापलेल्या टीव्ही गेमच्या कॅसेटी आम्ही ढिगाने विकल्या. स्क्रू काढून उघडली की आत बोटभर हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबर सांडल्यासारखा काळा गोळा, म्हणजे गेमची चिप. खरे गेम मोजकेच. तोच मारिओ, तोच काँट्रा. कुठे नायकाचे तोंड वेगळे, कुठे सुरुवातच पुढच्या लेव्हलपासून. पोरे लगेच ओळखायची आणि बदलून मागायला दुकानात हजर! मराठीच्या नावाखाली हेच गळ्यात मारले जाईल, अशी मला धास्ती वाटते.

पात्रे बदलण्याचे हे काम नीटही करता येते. जपानमध्ये १९८७ साली निन्टेन्डो या गेम कंपनीचा ‘डोकी डोकी पॅनिक’ आला. त्यात आई, बाबा, मुलगा आणि त्याची मैत्रीण असे चौघे अरबी थाटात. मारिओचा जपानी दुसरा भाग अमेरिकन पोरांना फार अवघड जाईल म्हणून १९८८ मध्ये तिकडे हाच गेम मारिओचा करून दिला. आईची उंच उडी मारिओच्या भावाला, लुइजीला आली, मैत्रिणीचे हवेत तरंगणे राजकन्येला. शिवाय जोरात पळण्याची सोय नव्याने घातली. पुढे १९९२ मध्ये तो ‘सुपर मारिओ यूएसए’ नावाने जपानला परत गेला.

आपल्याला जवळचे उदाहरण ब्राझीलचे. तिथल्या टेकटॉय कंपनीने ‘वंडर बॉय’ मालिकेतल्या एका गेममध्ये १९९१ साली मोनिका आणली. ही तिथल्या चित्रकथेतली दांडगट पोरगी, घराघरात माहीत असलेली. मूळ नायकाच्या हातात तलवार होती. मोनिकाच्या हाती तिचा कापडी ससा दिला, कारण चित्रकथेत ती मुलांना त्या सशानेच बडवते. पडद्यावरचा मजकूरही पोर्तुगीज केला.

त्याच १९९१ मध्ये इथे पुण्यात चिंटू वर्तमानपत्रात येऊ लागला. त्याचा असा गेम तेव्हा आमच्या काउंटरवर आला असता तर! आता कोणी करणार असेल तर परवानगी घेऊन करा, आणि कृपा करून चिंटूच्या हाती बंदूक देऊ नका. बॅट द्या, चेंडूने काचा फुटू द्या, ओरडायला शेजारच्या काकू आहेतच.

आणखी एक. अलीकडे काही मराठी अ‍ॅपमध्ये जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे शेजारी शेजारी उभी दिसतात. नातवाला ती वाचता येत नाहीत आणि तो सरळ इंग्रजीवर जातो. गेम विकण्याआधी तेवढे एखाद्या मराठी वाचता येणाऱ्या माणसाला दाखवून घ्या.

– एक जुना दुकानदार, बुधवार पेठ, पुणे