पानं बघून कुळ ठरवू नका

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पुरवणीत एका तणाचा फोटो आलाय, खाली लिहिलंय "कोथिंबिरीच्या कुळातलं, कोरोनोपस डिडिमस". नाव बरोबर पण जुनं, कुळ मात्र साफ चुकलं. पानं बारीक कातरलेली असतात त्यामुळे गडबड होते हे मान्य, पण ते मोहरीच्या कुळातलं आहे. पान चुरगाळून बघा, जो उग्र वास येतो तो बोटांवरून लवकर जात नाही. गाईने खाल्लं तर दुधालासुद्धा तो वास लागतो!

आता गंमत अशी की मोहरीच्या कुळाची ओळख म्हणजे चार पाकळ्या क्रॉससारख्या आणि सहा पुंकेसर, असं आपण शाळेपासून घोकलेलं, आणि हे पठ्ठं दोन्हीत नापास. पाकळ्या इतक्या बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत, कधीकधी तर नसतातच, आणि पुंकेसर बहुतेक वेळा दोनच. म्हणून फुलाच्या नादी न लागता फळ बघायचं. दोन मिलिमीटरच्या आसपास, सुरकुतलेलं, मधे खाच, जणू दोन गोळे एकमेकांना चिकटवलेत. पिकल्यावर ते मोहरीच्या शेंगेसारखं उघडून बिया सांडत नाही, सरळ दोन तुकडे होतात आणि प्रत्येकात एक बी. डिडिमस म्हणजे जुळं, ते नाव या फळावरूनच.

नावाचा प्रवास तर विचारू नका. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1767 मध्ये याला लेपिडियम डिडिमम म्हटलं, म्हणजे आपल्या अळीवाच्याच जीनसमध्ये (कुळातल्या जवळच्या जातींच्या गटात) टाकलं. मग स्मिथ या वनस्पतिशास्त्रज्ञाने उचलून कोरोनोपस या वेगळ्या जीनसमध्ये नेलं, कोरोनोपस म्हणजे कावळ्याचा पाय, आणि पुढे कितीतरी पुस्तकांत तेच छापलं गेलं. 2002 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ अल-शेहबाज आणि सहकाऱ्यांनी अख्खं कोरोनोपसच लेपिडियममध्ये विलीन केलं, झालं, स्वारी परत मूळ घरी, नाव पुन्हा लेपिडियम डिडिमम. कोरोनोपस हा शब्द मात्र वाया गेला नाही, याच्या एका भावंडाचं नाव आता लेपिडियम कोरोनोपस आहे (त्याचं फळ असं दुभंगत नाही, फरक लगेच कळतो).

मूळ दक्षिण अमेरिकेतलं हे तण आता जगभर पसरलंय, जमिनीलगत पसरतं म्हणून पायाखाली येतं आणि कोणी लक्ष देत नाही. पुढच्या वेळी जुनं आणि नवं दोन्ही नावं छापा, आणि जमलं तर पानांऐवजी फळाचा क्लोजअप द्या.

एक वाचक