ओढायचं नाही, एफ५ दाबायचं

पुणे,
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

संक्रांतीला निघताना एसटीची घाई झाली आणि बाबा, तुम्ही दारात म्हणालात, "फोनवर सांगितलेलं डोक्यात राहत नाही, लिहून पाठव." म्हणून हे पत्र. दोन प्रती काढल्यात. एक कॉम्प्युटरच्या टेबलावर काचेखाली ठेवा, दुसरी आईच्या बचत गटाच्या रजिस्टरात. आईच्या प्रतीवर आठ दिवसांत तेलाचा डाग पडणार हे धरूनच चालले आहे.

आधी एक कबूल करते. दिवाळीच्या आधी आजीच्या फोटोंचं फोल्डर हरवलं तेव्हा मी फोनवर तुमच्यावर ओरडले होते. "काहीतरी दाबलं असेल तुम्ही." तुम्ही नुसतं "असंल" म्हणालात आणि फोन ठेवलात. आईला तर तुम्ही हे कित्येक दिवस सांगितलंच नव्हतं. मग येळवशीच्या अमावास्येला रानात पंगत बसली, तुम्ही आंबील वाढत होतात आणि तुमच्या हातातला तांब्या हलताना मला दिसला. थोडी आंबील भज्जीवर सांडली. तुम्ही हसून म्हणालात, "वारं लई सुटलंय." वारं नव्हतं, बाबा. ज्वारीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

त्या रात्री तुम्ही दोघं झोपल्यावर मी कॉम्प्युटर उघडून बसले. फोल्डर सापडलं ते 'वीजबिल' नावाच्या फोल्डराच्या पोटात. आजी दोन महिने बिलांच्या गठ्ठ्यात बसून होती.

झालं होतं ते असं. पिवळ्या फोल्डरांची जी नेहमीची खिडकी आहे, तिच्यात माऊसनं फोल्डर धरून ओढता येतं. बोट दाबलेलं असताना हात जरा हलला, की धरलेलं फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन पडतं. ती खिडकी त्याबद्दल विचारत नाही, सांगत नाही. त्यात आणखी एक गोम आहे. एकाच ड्राईव्हवर ओढलं तर वस्तू जागची हलते, मूळ ठिकाणी काही उरत नाही. पेनड्राईव्हवरून कॉम्प्युटरवर ओढलं तर मात्र नक्कल होते, मूळ तिथंच राहतं. हात तोच, कृती तीच, परिणाम दोन. तुम्ही म्हणायचात ना, "कधी राहतंय, कधी जातंय, मला काही उमगंना"? ते हे. कंट्रोल धरून झेड दाबलं की शेवटची कृती परत फिरते, पण काही पडलंय हेच कळलं नसेल तर परत काय फिरवणार?

म्हणून पुण्यात आल्यावर मी दुसरी खिडकी शोधायला बसले. फाईली ठेवणं, हलवणं, हुडकणं हे काम करणाऱ्या प्रोग्रामला फाईल मॅनेजर म्हणतात. एक कॉम्प्युटरबरोबरच येतो, त्यामुळं दुसरा घेता येतो हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. तुम्ही वेतनवाढ अडू नये म्हणून एमएस-सीआयटी केलंत, तिथंही तेवढाच शिकवला होता.

मला हवी होती दोन कप्प्यांची खिडकी. आई, हे तुला लवकर कळेल. तू पोत्यातली ज्वारी डब्यात भरतेस तेव्हा पोतं आणि डबा दोन्ही समोर ओढून बसतेस. पोतं ओसरीत, डबा माळवदावर आणि तू मापटं घेऊन जिना चढतेस-उतरतेस, असं करत नाहीस. आपण कॉम्प्युटरवर इतकी वर्षं तो जिनाच चढत होतो. या खिडकीत डावीकडं पोतं, उजवीकडं डबा. डावीकडची फाईल निवडायची, एफ५ दाबायचं, 'इथं नक्कल करू का?' असं ती विचारते, एंटर दाबायचं. ओढायचं काहीच नाही. हात हलला तर हलू दे.

ही पद्धत माझ्याहून जुनी आहे. नॉर्टन कमांडर नावाचा असा दोन कप्प्यांचा प्रोग्राम १९८६ साली आला. तेव्हा माऊस फार कमी जणांकडं होता, म्हणून सगळं काम वरच्या ओळीतल्या एफच्या बटणांवर ठेवलेलं. पुढं कितीतरी जणांनी त्याच्यासारखे प्रोग्राम लिहिले, पण बटणं बहुतेकांनी तीच ठेवली. माऊस नसलेल्या काळातली सोय आज माऊस न धरवणाऱ्या हाताला उपयोगी पडावी याची मला गंमत वाटली.

मी बरेच बघितले. टोटल कमांडर सगळ्यात नावाजलेला. स्वित्झर्लंडमधल्या क्रिस्टियान गिसलर यांनी १९९३ पासून तो चालवलाय. पण तो महिनाभर वापरून मग विकत घ्यायचा असतो. मुदत संपली तरी बंद पडत नाही, फक्त उघडताना १, २, ३ यांतलं सांगेल ते बटण दाबायला लावतो, आणि लोक वर्षानुवर्षं तसंच वापरतात. पण शाळेतला खडूचा तुकडा चुकून खिशातून घरी आला तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवणारा माणूस रोज सकाळी ते बटण दाबताना अस्वस्थ होणार. तो बाद. क्यू-डिर नावाच्या प्रोग्रामात एकदम चार कप्पे दिसतात, आईनं बघितलं असतं तर म्हणाली असती, "हे काय, बाजार भरवलाय का?" फ्रीकमांडर मला मनापासून आवडला. फुकट आहे, दोन कप्पे आहेत, दिसायला नीटनेटका आहे. पण तो फक्त विंडोजवर चालतो आणि तिथंच घोडं अडलं.

कारण आपल्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे आणि त्याचे नेहमीचे फुकट सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत. मशीन जुनं, त्यावर पुढचं विंडोज बसायचं नाही. पाडव्याला येईन तेव्हा त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकायचा विचार आहे. तेही मोफत. म्हणजे आज तुम्हाला जी खिडकी शिकवायची, ती दोन महिन्यांनी तशीच दिसायला हवी. पुन्हा पहिल्यापासून 'अ आ इ' नको.

म्हणून डबल कमांडर. तो विंडोजवर चालतो आणि लिनक्सवरही, बटणं तीच. टोटल कमांडरकडं बघूनच लिहिलेला आहे. दिसायला जरा रुक्ष आहे हे मान्य. सरकारी ऑफिसातल्या कपाटासारखा. पण कपाट उघडतं पटकन.

आता बाबा, तुमचा प्रश्न. "फुकट कुणी काही देत नसतंय." संक्रांतीला तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी तिळगूळ तोंडात असल्यामुळं टाळलं. आईच्या भजनी मंडळाची वही आठवा. कुणीतरी पहिल्यांदा अभंग उतरवले. दुसरीनं त्यावरून आपली वही केली, उतरवताना चुकलेला शब्द सुधारला, चार अभंग वाढवले. आता तिनं ती वही कुणाला दिली, तर 'यावरून उतरवू नको' असं म्हणायचं नाही, ती स्वतः तशीच मिळवली आहे. डबल कमांडर ज्या परवान्याखाली दिलाय, त्या जीपीएलचा गाभा एवढाच आहे. प्रोग्राम कसा लिहिलाय ते कुणीही वाचू शकतं, बदलू शकतं. बदलून दुसऱ्याला दिला तर त्यालाही ती मोकळीक द्यावी लागते. त्यामुळं आत काही लपवाछपवी केली तर कुणाच्या तरी डोळ्याला दिसण्याची शक्यता राहते.

तुमची शंका अगदीच चूक नाही, ते पण सांगते. फुकट प्रोग्रामच्या नावावर दुसरंच काहीतरी गळ्यात मारणाऱ्या जागा असतात. हिरवं मोठं 'डाऊनलोड' बटण दिसतं, दाबलं की भलतंच येतं. माझ्याच लॅपटॉपवर एकदा असं झालंय. त्यामुळं हे मी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या मूळ जागेवरूनच घेतलंय, आणि तुम्ही दोघांनी परस्पर काही उतरवून घ्यायचं नाही. लागलं तर मला सांगा.

अक्षरं मी मोठी करून ठेवलीत. बटणं अशी: टॅब दाबलं की या कप्प्यातून त्या कप्प्यात जाता येतं. एफ५ नक्कल. एफ६ हलवणं. एफ७ नवीन फोल्डर. एफ८ काढून टाकणं. खिडकीच्या तळाशी हीच नावं ओळीनं दिसतात, पाठ करायची गरज नाही. ऑल्ट धरून एफ७ दाबलं की हुडकता येतं; 'सातबारा' लिहून सोडून द्या, तो फिरून बघतो. एकच सातबारा दर वेळी १५ रुपये भरून तुम्ही तीनदा काढलाय, तिन्ही मला सापडलेत. आणि आई, "तुझे बाबा सकाळपासनं त्या डब्यापुढं बसून कागद हुडकायलेत" अशी तक्रार आता फोनवर नको.

चुकून ओढलंच गेलं तरी इथं फाईल सोडल्यावर खिडकी आधी विचारते, ती सोय मी चालू ठेवलीय. विचारलं की घाबरायचं नाही, एस्केप दाबायचं.

एफ६ बद्दल जरा थांबते. पेनड्राईव्हवर काही न्यायचं असेल तर एफ६ वापरू नका. आपल्याकडं लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही आणि इन्व्हर्टरची बॅटरी आता म्हातारी झालीय. दुसऱ्या ड्राईव्हवर हलवणं म्हणजे आधी तिकडं नक्कल करणं आणि मग इकडचं पुसणं. मध्येच लाईट गेली तर अर्धं इकडं, अर्धं तिकडं. त्यापेक्षा एफ५ करा, तिकडची फाईल उघडून बघा आणि मग इकडची काढा. एक पायरी जास्त, पण तुमच्याकडं वेळ आहे.

फाईलींच्या नावांचं. बाबा, तुम्ही '५/११/२०२४' असं नाव द्यायला जाता आणि तो घेत नाही, कारण विंडोजमध्ये नऊ चिन्हं नावात चालत नाहीत आणि तिरकी रेघ त्यातली एक. तारीख '२०२४-११-०५' अशी लिहा. वर्ष आधी लिहिलं की फाईली आपोआप क्रमानं लागतात, हा वरचा फायदा. दुसरी गंमत अशी की तुमच्या आठवणींच्या फाईलीला 'सुखदुःख' हे नाव तो का घेत नव्हता ते मला कळलं. तुम्ही विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाइप करत होता! तोही त्या नऊ चिन्हांतलाच. आयुष्यभर पोरांच्या वह्यांत लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणाऱ्या गुरुजींची ही चूक पकडून मला किती आनंद झालाय ते लिहिण्यात अर्थ नाही. विसर्ग शिफ्ट धरून शून्याच्या उजवीकडच्या बटणावर आहे.

आई, तुझं वेगळंच. 'हिशोब', 'हिशोब नवा', 'हिशोब नवा खरा' आणि 'हिशोब नवा खरा शेवटचा' यातला गटाचा चालू हिशोब कोणता? मी कशालाच हात लावलेला नाही. तूच ठरव, त्याचं नाव नीट ठेव आणि बाकीचे 'जुने' नावाच्या एका फोल्डरात एफ६ नं हलव. ते त्याच ड्राईव्हवर आहेत, त्यामुळं वरची भीती इथं नाही. पुसू मात्र नकोस. मार्चअखेरीला कुणी ना कुणी जुनं विचारतंच.

आणि बाबा, हाताचं काय? एफ५ नं फोल्डर सावरतील, आंबील नाही सावरायची. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन दाखवून या. नुसतं "वयामुळं असंल" म्हणून सोडू नका. आई, तू सोबत जा, नाहीतर हे गेटपासून चहा पिऊन परत येतील.

तुमची,
मनू

ता. क. : पेनड्राईव्हवरून काही पुसलं तर ते कचरापेटीत जात नाही, थेट जातं. म्हणून तिथं एफ८ नाहीच दाबायचं. आणि पहिलं काम म्हणून हे करा: आजीचा चुलीपुढं बसलेला, नऊवारीतला जो फोटो आहे, तो एफ५ नं पेनड्राईव्हवर घ्या. शेजारच्यांचा मुलगा शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्या हाती पाठवा. सोबत थोडं मेतकूट दिलं तरी चालेल.