मशीन लावू नकोस

मिरज,
१२ जुलै

प्रिय सुऱ्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून "बघतो, सांगतो" म्हणून ठेवला. खरं तर तेव्हाच ओरडायला हवं होतं. आता लेखी ओरडतो: मशीन, आपला तो तीन ट्यूबचा (लाल, हिरवी, निळी) जुना प्रोजेक्टर, लावू नकोस. नातवाला मॅच दाखवायची असली तर टीव्हीवर दाखव. त्याला काय, तो मोबाइलवरही बघेल.

पडद्याच्या खालच्या कडेला चंद्रकोर दिसते आणि तिथलं चित्र विस्कटतं, असं म्हणालास. लाल आणि निळ्या भिंगापुढे पुठ्ठा धरून ती हिरव्यातच आहे हे ओळखलंस, तेवढं शहाणपणाचं केलंस. पुढे दोन तास फोकस पिळत बसलास, तो वेडेपणा. अरे, हिरव्या ट्यूबचं कूलंट, म्हणजे तिला गार ठेवणारं द्रव (मी त्याला पाणीच म्हणतो), उतरलंय. पाणी कमी झालं की हवा वर जमते आणि भिंग चित्र उलटं करतं, म्हणून ट्यूबच्या वरची हवा पडद्यावर खाली दिसते. मीही पहिल्यांदा असाच फसलो होतो.

आपण पडद्यावर मॅच दाखवायचा धंदा करत होतो तेव्हा मशीन नवीन होतं, म्हणून आत पाणी असतं याचा कधी विचारच केला नाही. ९ मार्च १९९६ आठव. बेंगळुरूची पाकिस्तानविरुद्धची क्वार्टर फायनल, चौकात पांढरा पडदा, जडेजानं वकारला धुतलं तेव्हा लोक पडद्यावरच धावून आले आणि तू मशीनला मिठी मारून उभा राहिलास! त्या सगळ्या धिंगाण्यात आपल्याला काळजी कन्व्हर्जन्स, म्हणजे तिन्ही रंगांची जुळणी, हलण्याची. कूलंट कुणाच्या गावी होतं?

तर ऐक. घरच्या टीव्हीची ट्यूब स्वतःपुरती उजळते. आपल्या सात इंची ट्यूबला अख्खा पडदा उजळायचा असतो. एवढा मारा सोसून तिची काच भाजून निघते. म्हणून काच आणि भिंग यांच्यामधल्या पोकळीत एथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं मिश्रण भरलेलं असतं. ते उष्णता ओढून बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांकडे देतं. शिवाय काच आणि हे द्रव प्रकाशाला जवळपास सारखंच वाकवतात, म्हणून मधे उजेड परत फिरत नाही आणि काळा रंग काळा राहतो. आता अर्धी काच बुडालेली आणि अर्धी कोरडी असेल तर काय होईल? तापलेल्या ग्लासात गार पाणी ओतल्यावर होतं तेच. त्यातून ही व्हॅक्यूमची ट्यूब.

आणि उतरलेलं पाणी जातं कुठं? खाली. खाली बोर्ड आहेत आणि तीस हजार व्होल्टच्या वरची ईएचटी, म्हणजे ट्यूबला लागणारी उच्च दाबाची वीज. ग्लायकॉल वाळत नाही, उलट हवेतली ओल ओढून घेतं. या पावसाळ्यात तर विचारूच नकोस.

माझ्या निळ्या ट्यूबचं प्रकरण तुला अर्धंच माहीत आहे. गळती दिसली की माणूस गॅस्केटवर, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबरी कडीवर, संशय घेतो. मीही घेतला. जुनं गॅस्केट कडक झालेलं होतंच, काढलं, नवीन बसवलं आणि भरवशाला वरून सिलिकॉन फासलं. कोणतं? बाथरूमच्या फटींना लावतात ते, आंबट वासाचं. व्हिनेगरसारखा वास आला की समजायचं, ते धातू खातं. महिन्याभरात अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी. दुसऱ्यांदा बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन आणलं, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. जास्त आवळलं तर काच जाते, हे एवढं तरी शिकलो होतो. रात्रभर ट्यूब वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी कागद कोरडा ठणठणीत. बसवली, तीन तास रेषा जुळवल्या, आणि अर्ध्या तासात पुन्हा टप. टप.

तिसऱ्यांदा काढली तेव्हा हे बोलणार नव्हतो कुणाला. पण नाना सायकलवाल्याकडचं पंक्चर आठवलं. सुनेचा हेअर ड्रायर मागून आणला (तिला कशाला ते सांगितलं नाही), ट्यूबच्या कडेला सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरली आणि हळूहळू गरम करत बसलो. गॅस्केट कोरडं. बाजूला तो रबराचा डायफ्रॅम असतो, पाणी तापून फुगलं की त्याला जागा देणारा. त्याच्या घडीत पावडरीवर केसाएवढी ओली रेघ उमटली. गार असताना चीर मिटलेली, गरम झाली की उघडते. दोन गॅस्केटं उगाच बदलली, सुऱ्या. तुझंही तेच असेल असं नाही, पण गॅस्केटला हात घालण्याआधी गरम करून बघ.

मेलेल्या एका ट्यूबचा डायफ्रॅम काढून लावला. सिरिंजनं पाणी भरलं, भोक वर करून, अगदी सावकाश. घाई केली की बुडबुडे होतात आणि रात्रभर वाट बघावी लागते. पाणी म्हणजे गाडीचं हिरवं कूलंट नव्हे हं. त्यात रंग आणि औषधं असतात. काही मशीनमध्ये कंपनीच मुद्दाम रंगीत पाणी घालते, ती गोष्ट वेगळी. नळाचं पाणी तर नकोच.

आता तुझं काम. प्लग काढ. दुसऱ्या दिवशी झाकण उघड. तरीही अ‍ॅनोड कॅपखाली (ट्यूबवर जाड वायर जिथे चढते ती रबरी टोपी) अर्थ केलेला स्क्रूड्रायव्हर घालून डिस्चार्ज कर. तू हात घालून बघणारा माणूस आहेस, म्हणून लिहितोय. बॅटरीच्या उजेडात हिरव्या ट्यूबखालचा बोर्ड बघ. चकाकतंय का? चिकट लागतंय का? लागलं तर डिस्टिल्ड वॉटरनं धू, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग दोन दिवस पंख्याखाली. कापड बाहेर उघडं टाकू नकोस. हे गोड असतं आणि विषारीही. तुझ्याकडे मांजरं येतात.

आणि माळ्यावरची ती जुनी हिरवी ट्यूब, जिच्यावर केबलच्या चॅनेलचा शिक्का कायमचा भाजला गेलाय, ती भंगारात दिली नाहीस ना? चित्राला ती बाद, पण तिचा डायफ्रॅम वीस वर्षांत एकदाही तापलेला नाही. बोटानं दाबून बघ, मऊ असेल तर तुझं काम झालं. कडक असेल तर मला कळव, माझ्याकडे अजून एक पडून आहे.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. सिरिंज आणि ग्लायकॉल मी आणतो. हेअर ड्रायर तुझ्याकडून.

तुझा,
बाळ्या