नद्यांच्या टाळ्या

सांगली, फेब्रुवारी

प्रिय सुमंत,

प्रभूमध्ये सलाम.

तब्येत ठीक आहे. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण तो तर वसतिगृहातही कुरकुरत होता. पत्र लिहिण्याचे कारण गेल्या रविवारचे आहे. इथे कोणाला सांगितले, तर 'सुगंधामावशी आता थकल्या' एवढे म्हणून लोक विषय बदलतील.

सुगीच्या उपकारस्तुतीची उपासना होती. खांबांना ऊस बांधलेले, मेजावर शाळूची कणसे, माती न झटकलेले ओल्या हळदीचे गड्डे, तासगावकडून आलेली द्राक्षांची पेटी, आणि सुगंधामावशींच्या भावाच्या मळीतली वांगी, देठाचे काटे बोटाला टोचतील इतकी ताजी. ९८ वे स्तोत्र आळीपाळीने वाचत होतो. नद्यांनी टाळ्या वाजवाव्यात असे म्हटले आहे, त्या आठव्या वचनापाशी मावशींनी पुस्तक मिटले आणि स्तोत्र संपेपर्यंत ओठ उघडले नाहीत. नंतर अर्पणांच्या लिलावात मात्र त्यांनी त्याच वांग्यांवर सगळ्यांत चढी बोली लावली. फाटकापाशी मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "एकोणीस साली तिने माझ्या दारात येऊन टाळ्या वाजवल्या, त्या ऐकल्यात मी. आता आणखी वाजव म्हणून मी सांगायचे का?"

२०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर तुला सांगायला नको. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि पाणी गेले ५७ फुटांवर. मावशींच्या घरातून काकांचे पवित्र शास्त्र निघाले, ते फुगून उशीएवढे झाले होते. वाळवल्यावर बाकीची पाने सुटली, पौलाची पत्रे मात्र चिकटली ती चिकटलीच. (पौलाचे तारू तीनदा फुटले होते, हे चौथे.)

आता अडचण अशी, की पुढच्या महिन्यातील एक उपासना पाळकसाहेबांनी माझ्याकडे दिली आहे आणि विषय दिला आहे सृष्टीतून देवाची स्तुती. मंडळीच्या पंचकमिटीतील दोघांचे म्हणणे, ९८ वे टाळा, डोंगरावरील प्रवचनातील रानफुलांचा उतारा घ्या, कोणाचे मन दुखावणार नाही. मला हे पटत नाही. आपण सृष्टीतून दिनदर्शिकेवर छापण्याजोगे तेवढे निवडतो आणि त्यालाच स्तुती म्हणतो. १४८ व्या स्तोत्रात फळझाडांना स्तुती करायला सांगितले आहे, आणि त्यांच्या आधी गारांना व वादळी वाऱ्यालाही सांगितले आहे. बागेत माल लोंबत असताना हे तासगावात मोठ्याने वाचून दाखव बघू. १०४ व्या स्तोत्रात सिंहाचे छावे देवाकडे भक्ष्य मागतात, म्हणजे कोणाचे तरी पाडस जाणारच. लिहिणाऱ्याला हे ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही.

इथे तू कास पठारावरचे भांडण काढणार. ओल्या कातळावर पालथा पडून तू सीतेची आसवे न्याहाळत होतास, ती निळी, नखाएवढी फुले, आणि मी म्हणालो, की हिच्या बुडाशी बारीक फुगे असतात, त्यांत पाण्यातले किडे ओढून ती खाते. साताऱ्यापर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. बोललास ते थेट रेव्हरंड ना. वा. टिळकांना घेऊन: १९१७ साली तुमच्या साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, फुलामुलांचा कवी तो, आणि माझ्यासारख्याला फुलापुढे उभे करू नये, वगैरे. माझे मत आजही तेच आहे, की तुझ्या स्तुतीत फुलाला जागा होती, फुग्यांना नव्हती. फुगेही त्यानेच घडवले ना?

पण हे कासवर म्हणणे सोपे होते. माझे घर विश्रामबागेत. एकोणीस साली आमचा उंबरासुद्धा भिजला नाही. ज्याचा उंबरा कोरडा, त्याने मावशींना पुरासकट सृष्टीची स्तुती शिकवावी, हे मलाच विचित्र वाटते. शिवाय ज्या मळीत ती वांगी होतात, ती पुराच्या गाळाने झालेली, हे त्या माझ्यापेक्षा अधिक जाणतात. रोज ताटावर प्रार्थना करताना त्या पावसाचे नाव घेऊन आभार मानतात, हे तूही त्यांच्या घरी जेवताना ऐकले आहेस (एक डोळा उघडा ठेवून, भाकरीकडे बघत). त्यांची स्तुती थांबलेली नाही. आमच्यासारख्यांच्या तोंडी तालावर येणारे ते वचन त्यांना सोसत नाही, असा माझा तर्क आहे.

मी ९८ वे ठेवणार आहे. मात्र त्याआधीचे वाचन निवडण्याची विनंती मावशींना करावी म्हणतो, आणि त्यांनीच ते वाचावे. त्या ईयोब काढतील याची मला खात्री आहे. वावटळीतून देव बोलू लागतो तिथपासून चार अध्याय सलग वाचले, तर पंचकमिटीची जेवणे थंड होतील. ती जोखीम पत्करतो.

तुझी बदली पुन्हा लांबली असे वहिनींकडून कळले, वाईट वाटले. धाकटीला बारावीसाठी आशीर्वाद. तुझे मत मार्च उजाडण्याआधी कळव, आणि टिळकांना मध्ये न आणता कळव. जमल्यास स्वतःच ये, मावशी वांग्याचे भरीत करतील.

तुझा,
याकोब