कागदी निगेटिव्हविषयी मित्रास पत्र

वाई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र आणि सोबतच्या निगेटिव्ह, म्हणजे तुझ्या पिनहोल डब्यात भिंगाऐवजी बारीक छिद्रातून थेट फोटोच्या कागदावर काढलेली उलटी चित्रे, पोहोचल्या. पुठ्ठ्यात नीट बांधून पाठवल्यामुळे कुठेही मुडपल्या नाहीत. आभाळ काळेठिक्कर उतरते, सावलीत काहीच येत नाही आणि म्हणून हल्ली तू निगेटिव्हचा मोबाइलवर फोटो घेऊन तोच उलटा करून पाहतोस, काँटॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह दुसऱ्या कागदाला भिडवून छापलेले सुलटे चित्र, काढण्याचे सोडून दिले आहेस, असे तू लिहितोस. ते वाचून मला चुटपुट लागली, कारण तुझ्या निगेटिव्ह तू समजतोस तितक्या वाया गेलेल्या नाहीत. देवळाच्या शिखराची निगेटिव्ह मी टेबलावर ठेवून पाहिली तेव्हा मलाही शिखरामागे एकसलग काळा पट्टाच दिसला. तीच खिडकीच्या काचेला लावून धरली, तर त्या काळ्यात ढगांच्या दोन लांबट कडा स्पष्ट दिसू लागल्या. ढग तुझ्या कागदावर आलेलेच आहेत; तू त्यांना चुकीच्या बाजूच्या उजेडात शोधत होतास.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. टेबलावर ठेवलेल्या कागदावर पडलेला उजेड चित्र उमटलेल्या चांदीच्या थरातून आत शिरतो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटून परततो आणि त्याच थरातून पुन्हा बाहेर येतो. म्हणजे तो दोनदा गाळला जातो. शिवाय कागदाचा पृष्ठभाग स्वतः थोडासा चमकत असतो आणि त्या चमकेमुळे एका मर्यादेपुढचे सगळे काळे डोळ्यांना सारखेच भासते. काँटॅक्ट प्रिंट काढताना मात्र उजेड निगेटिव्हमधून एकदाच आरपार जातो. म्हणून टेबलावर भडक वाटणारी निगेटिव्ह छापताना बरीच सौम्य निघते आणि टेबलावर छान दिसणारी निगेटिव्ह कित्येकदा फिकी पडते. मोबाइलचा किंवा स्कॅनरचा डोळा परतलेला उजेड पाहतो, तर छपाईचा कागद पार झालेला उजेड पाहतो. या दोघांना चालणारी निगेटिव्ह एकच नसते, आणि कशासाठी काढायची ते डबा उन्हात ठेवण्यापूर्वीच ठरवावे लागते. माझे मत विचारशील, तर छपाईसाठीच काढ. कागदावरून कागदावर उतरलेल्या चित्राला जो मऊपणा येतो, तो पडद्यावर उलट्या केलेल्या चित्रात मला कधीच आढळलेला नाही.

आता सावलीचे. फोटोचा कागद फिल्मच्या मानाने फार मंद असतो. त्याचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची तत्परता, मी आयएसओ 6 धरतो. तुझ्या डब्यात छिद्रापासून कागदापर्यंतचे अंतर 100 मिलिमीटर आहे, त्याला साधारण 0.45 मिलिमीटरचे छिद्र योग्य ठरते. दहा नंबरच्या शिवणाच्या सुईची जाडी जवळजवळ तेवढीच असते. पितळी पत्र्यावर सुईने आरपार न भोसकता आधी फक्त फुगवटा आणायचा, तो मागून बारीक पॉलिशपेपरने घासून पातळ करायचा आणि मग सुईचे टोक हळूच फिरवत पार करायचे, म्हणजे कडा स्वच्छ येते. छिद्र मोजायचे तर पत्रा स्कॅनरवर 1200 डीपीआयला, म्हणजे इंचाला 1200 पिक्सेल ठेवून, स्कॅन कर. व्यास 21 पिक्सेलच्या आसपास आला की काम झाले. अशा छिद्राचा एफ क्रमांक, म्हणजे कागदापर्यंतचे अंतर भागिले छिद्राचा व्यास, 222 च्या घरात जातो, म्हणून भर उन्हात हिशेबाने छिद्र अर्ध्या मिनिटाहून थोडे जास्त उघडे ठेवावे लागते. लांबलेल्या वेळात कागद आणखी मंदावतो, म्हणून मी एक मिनिट देतो. पावसाळी ढगाळ उजेडात तेच दृश्य आठ-दहा मिनिटे मागते, आणि खरे सांगायचे तर कागदी निगेटिव्हला तोच उजेड अधिक मानवतो. इथे वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाच्या काळ्या पायऱ्या मला वैशाखाच्या उन्हात कधीच धड मिळाल्या नाहीत. श्रावणातल्या ढगाळ सकाळी मात्र प्रत्येक पायरीची धार वेगळी आली.

नागपूरच्या उन्हात तुला श्रावणाची वाट पाहत बसणे परवडणार नाही, हे मला कळते. त्यासाठी प्रीफ्लॅश शिकून घे. डब्यात भरण्यापूर्वी कागदाला अगदी मंद, एकसारख्या उजेडाचा क्षणभर स्पर्श द्यायचा, इतका हलका की तेवढाच कागद धुतला तर तो पांढराच दिसावा. कागदावर छटा उमटण्यासाठी उजेडाचा एक किमान उंबरठा ओलांडावा लागतो. सावलीतून येणारा उजेड त्या उंबरठ्याच्या अलीकडेच संपतो, म्हणून तिथे काहीच उमटत नाही. प्रीफ्लॅशने कागद आधीच उंबरठ्यावर आणून ठेवलेला असतो, त्यामुळे सावलीतला किरकोळ उजेडही कामी येतो. आभाळाकडून इतका उजेड येत असतो की त्यात ही भर जाणवतही नाही. कमी वॉटच्या बल्बवर कागदाचे दोन-तीन पदर गुंडाळ, फोटोच्या कागदाच्या पट्टीवर पुठ्ठा सरकवत दोन, चार, सहा, आठ सेकंदांचे टप्पे दे आणि पट्टी धुऊन पाहा. ज्या टप्प्यावर पहिल्यांदा पुसटशी राखाडी दिसेल, त्याच्या आधीचा टप्पा तुझा. बल्ब आणि अंतर मग बदलू नकोस.

तुझ्या पाकिटावर मल्टिग्रेड लिहिलेले असेल, तर छिद्रासमोर पिवळा फिल्टर लावण्याचाही उपयोग होईल. त्या कागदाचा स्वभाव असा की निळ्या उजेडात तो कडक वागतो, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवतो, आणि हिरव्यात मऊ, आणि उघड्या आभाळाखाली निळ्याची काय कमतरता! फिल्टर लावला की वेळ वाढेल, पण चित्र आवरते येईल. ज्याचा कडकपणा ठरलेलाच असतो अशा एकाच ग्रेडच्या कागदाला फिल्टरने फक्त उशीर होतो, तेव्हा तिथे दोन नंबरचा ग्रेड घेऊन प्रीफ्लॅशवरच भिस्त ठेव.

या कागदांना लाल रंग दिसत नाही, हे तुला डार्करूममधल्या लाल दिव्यामुळे, सेफलाइटमुळे, माहीतच आहे. पण बाहेरही ते लक्षात ठेवावे लागते. गेरूने रंगवलेले वृंदावन आणि शेंदूर माखलेला मारुती प्रिंटमध्ये जवळजवळ काळे येतात, हिरवी झाडी डोळ्यांना दिसते त्याहून गडद होते, आणि उन्हे कलली की उजेड मोजायचे मीटर भरपूर उजेड दाखवत असले तरी तो पिवळा-तांबडा उजेड कागदाच्या फारसा उपयोगी पडत नाही. दुपारी चारनंतर मी मीटरवर विश्वास ठेवत नाही, वेळ सरळ दुप्पट करतो.

डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारे रसायन, नेहमीपेक्षा पातळ कर. प्रिंटसाठी डी-72 हा डेव्हलपर एकास दोन पाण्यात घेतोस, तर निगेटिव्हसाठी एकास पाच घे. तुझ्याकडे नळाचेच पाणी उन्हाळ्यात कोमट असते, तेव्हा ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून 20 अंशांच्या जवळपास आण, नाहीतर पातळ केल्याचा फायदा उष्णतेत निघून जाईल.

छपाई करताना नवा कागद चकचकीत बाजू वर करून ठेव, त्यावर निगेटिव्ह पालथी घाल, म्हणजे दोन्हींचे थर एकमेकांना भिडतील, आणि वर जाड काच ठेव. डब्यातल्या निगेटिव्हवर डावे-उजवे उलटे असते आणि दुकानांच्या पाट्या आरशातल्यासारख्या दिसतात. या पद्धतीने छापले की अक्षरे आपोआप सरळ होतात. उजेड कागदाच्या अंगातून जात असल्याने वेळ फिल्मपेक्षा बराच जास्त लागेल. निगेटिव्हसाठी पाठीमागे कंपनीचे नाव छापलेला कागद वापरू नकोस, ते नाव प्रिंटवर उतरते. प्लॅस्टिकचा लेप असलेला आरसी कागद सपाट वाळतो आणि चार मिनिटांत धुऊन होतो, म्हणून सुरुवातीला तोच बरा. प्लॅस्टिकचा लेप नसलेल्या फायबर कागदाला पाण्यात तासभर ठेवावे लागते आणि तो वाळताना वळतो, पण त्याला मागून मेण पाजता येते. पॅराफिनचा तुकडा फिरवून कोमट इस्त्रीने जिरवला की कागद अर्धपारदर्शक होतो आणि छपाईचा वेळ उतरतो. आरसीत मेण शिरतच नाही.

हे मेण काही आजचे नाही. फोटोग्राफीचा इंग्रज आद्य प्रयोगकर्ता टॅल्बट याने 1835 साली लॅकॉक ॲबी या आपल्या घराच्या जाळीदार खिडकीची टीचभर कागदी निगेटिव्ह काढली, 1851 साली फ्रेंच फोटोग्राफर ल ग्रे याने कागदाला आधीच मेण पाजण्याची रीत दिली, आणि त्या रीतीचा सर्वांत मोठा उपयोग आपल्याच देशात झाला असे मला वाटते. लिनियस ट्राइप या ब्रिटिश फोटोग्राफरने 1857-58 मध्ये मदुराई आणि तंजावरची देवळे मोठाल्या कागदी निगेटिव्हवर उतरवली. त्याच्या कॅमेऱ्याला भिंग होते, तेव्हा तो पिनहोलवाला नव्हे. पण त्या काळी निगेटिव्हसाठी काचेवर देत असलेला कलोडियनचा ओला लेप उन्हाळ्यात पाहता पाहता वाळून जात असताना आधी तयार करून ठेवता येणारा मेणकागद किती सोयीचा, हे त्याने ओळखले होते. आणि आभाळ कोरे येण्याची तुझी अडचण त्यालाही होती! त्याने निगेटिव्हवर रंगाचा हात फिरवून ढग आणि झाडांचे शेंडे घातलेले आहेत.

तुलाही हे करता येईल, आणि माझ्या मते कागदी निगेटिव्हचे हेच सर्वांत मोठे सुख आहे. जी सावली प्रिंटवर फार काळी येते, तेवढ्या भागावर निगेटिव्हच्या पाठीमागून मऊ पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरव आणि बोटाने पसरव. तेवढा उजेड अडतो आणि सावली उजळते. जास्त झाले तर खोडरबर आहेच. फक्त हे काम निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर धरून कर, टेबलावर नको. काही आरसी कागदांची पाठ गुळगुळीत असल्याने पेन्सिल धरत नाही, तिथे वर पातळ ट्रेसिंग पेपर चिकटवून त्यावर काम कर.

फोटोच्या कागदाचा नवा मोठा डबा विकत घेण्याआधी आरसी आणि फायबर या दोन्हींची लहान पाकिटे आणून ताडून पाहा. पुढच्या निगेटिव्ह पाठवशील तेव्हा प्रत्येकीच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलने दिवसाची वेळ, ऊन की ढग, दिलेली मिनिटे आणि प्रीफ्लॅशचे सेकंद एवढे लिही, म्हणजे मला इथे बसून काही नेमके सांगता येईल. प्रिंट काढलास तर तोही धाड, कसाही आला असला तरी.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
वाईकर मित्र