बाबा, गोदामावर आता जायचं नाही

पुणे,
२ डिसेंबर २०२५

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तूच मोठ्याने वाच. बाबा मधेच उठून अंगणात जायला लागले तर त्यांना बसव. फोनवर मी काही काढलं की ते "बरं, बरं" म्हणून फोन तुझ्या हातात देतात, म्हणून लिहितेय.

जे करून बसलेय ते आधी सांगते. काल मी गोदामाच्या शेठजींना फोन केला आणि बाबा आता रात्रीच्या राखणीला येणार नाहीत असं सांगितलं. तुम्हाला न विचारता. बाबा, तुम्हाला याचा राग येणार हे मला माहीत आहे. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. पण अँजिओग्राफीत दोन ब्लॉकेज निघालेला एकाहत्तर वर्षांचा माणूस थंडीत रात्रभर पत्र्याच्या शेडखाली खुर्चीवर बसतो, हे मला सहन होत नाही. डॉक्टर म्हणाले होते, घाबरू नका, पण लांबवू नका. तुम्ही त्यातलं पहिलं तेवढं ऐकलंत.

दुसरं म्हणजे, गुरुवारी ११ तारखेला तुम्हाला इथे ॲडमिट करायचं ठरलंय. अँजिओप्लास्टीची मंजुरी आलीय.

दिवाळीत मी तुम्हाला "रेशनकार्डाचं केवायसी आहे" म्हणून सेतू केंद्रात नेलं होतं ना, ते खोटं होतं. ते सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान कार्ड होतं, वय वंदना म्हणतात ते. खरं सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसता. तुमचं एकच म्हणणं, फुकटचं काही नको. त्या पोराने पाच वेळा तुमचा अंगठा मशीनवर ठेवला आणि पाचही वेळा ठसा उमटला नाही. शेवटी चेहऱ्यावरून झालं. तुम्ही हात मागे घेऊन धोतराला पुसत होता, जणू हात मळलाय. बाबा, तो हात मळलेला नव्हता. अठ्ठावीस वर्षं सूतगिरणीत तुटलेला धागा जोडून जोडून त्या बोटांवरच्या रेषा गेल्यात. लहानपणी ताप आला की तुम्ही कपाळावर हात फिरवायचा तेव्हा तो इतका गुळगुळीत लागायचा की मला वाटायचं, सगळ्यांच्या बाबांचे हात असेच असतात.

ते कार्ड फुकटचं नाही, एवढंच मला तुम्हाला पटवायचं आहे.

तुम्हीच सांगितलेली गोष्ट आठवा. बहात्तरचा दुष्काळ, मिलोची म्हणजे परदेशी लाल ज्वारीची भाकरी, वाटपाची सुकडी, आणि तलावाच्या भरावावर खडी फोडायला गेलेले अठरा वर्षांचे तुम्ही. पुढे रोजगार हमी कायदा आला, तेव्हा वीस माणसं घेऊन तुम्ही तहसीलवर कामाची मागणी करायला गेला होता. मुकादम आवाज चढवून बोलला तर तुम्ही त्याला म्हणाला होता, हे काम तुझ्या मेहेरबानीचं नाही, कायद्याचं आहे. आई हे सांगताना अजूनही तुमच्याकडे बघते. वि. स. पागे यांनी मांडलेली ती योजना, १९७७ चा कायदा, तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. आणि त्या मजुरीसाठी पैसा उभा करायला सरकारने १९७५ पासून नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. तोच कर आज माझ्या पगारातून महिन्याला २०० रुपये कापला जातो. पगारपत्रकं मीच बनवते, त्यामुळे तो रकाना रोज डोळ्यांसमोर असतो. म्हणजे तेव्हा मुंबई-पुण्यातल्या कुणाच्या तरी पगारातून कापून तुमच्या हातावर मजुरी पडली, आणि तुम्ही बांधलेल्या तलावाने गावच्या विहिरींना पाणी आलं. यात भीक कुठे होती? मग आता कार्डाचीच लाज का वाटावी?

गिरणीच्या पीएफच्या पेन्शनचंही तसंच. तुम्हाला वाटतं, आपण कमी शिकलो, मोठ्या हुद्द्यावर गेलो नाही, म्हणून दोन हजार मिळतात. बाबा, तसं नाहीये. मी तुमचा हिशोब स्वतः मांडून पाहिला. तुम्ही २०१२ साली निवृत्त झालात तेव्हा पेन्शनसाठी पगार जास्तीत जास्त ६,५०० धरायचे, खरा कितीही असो. त्याला, ही पेन्शन योजना आली त्या ९५ सालानंतरच्या नोकरीच्या १७ वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. आले १,५७८. त्याआधीच्या वर्षांचे थोडे मिळवले की तुमचे २,०४१ होतात. ती मर्यादा २०१४ च्या सप्टेंबरात १५,००० झाली, पण तुम्ही तोवर घरी आला होता. आणि या पेन्शनला महागाई भत्ता नाही. २०१२ साली सबसिडीचा सिलिंडर चारशेच्या आसपास होता, आज साडेआठशेच्या घरात आहे, तुमचे मात्र तेच २,०४१. आमच्या समोरच्या काकांना केंद्र सरकारची पेन्शन आहे. त्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा बघितला जातो, आत्ता दिवाळीआधी तो ५५ वरून ५८ टक्के झाला. ते चांगले आहेत, त्यांना मिळतं याचं मला वाईट वाटत नाही. पण दळण त्यांचंही महागलं आणि आपलंही, मग नियम दोन का? तुमच्या कष्टात काही कमी नव्हतं. सूत्र लिहिणाऱ्यांनी तुमचं म्हातारपण मोजलंच नाही.

आईचं तर मला जास्त लागतं. आई, लाडक्या बहिणीचे १,५०० तू गुडघ्याच्या गोळ्यांना लावत होतीस. पासष्टी झाली आणि ते थांबले. पासष्टी झाली म्हणून गुडघे दुखायचे थांबतात का? म्हाताऱ्यांच्या श्रावणबाळ योजनेसाठी विचारायला गेले तर तिथे वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं, आणि बाबांची पेन्शनच वर्षाची चोवीस हजार पाचशेच्या आसपास जाते. एका योजनेत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, दुसरीत एकवीस हजार, आणि तुम्ही दोघं मधल्या फटीत. मी खिडकीपाशी भांडले. त्या बाईंच्या हातात काही नव्हतं.

यात माझीही एक चूक आहे, ती लपवत नाही. तुमचा आरोग्य विमा काढायचा मी चार वर्षं पुढे ढकलला. प्रत्येक वर्षी हप्ता विचारायचे, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून आकडा यायचा, आणि मी पुढच्या वर्षावर टाकायचे. या २२ सप्टेंबरपासून तो कर गेला, आणि दसऱ्याला तुमच्या छातीत जळजळ सुरू झाली. आता कोण सहज विमा देणार? बाबा, मला माफ करा. आधी सुचायला हवं होतं.

पण आता घाबरू नका. अण्णाकाकांचं मनात आणू नका. २०१५ साल होतं ते, एकेका स्टेंटचे, म्हणजे नसेत बसवायच्या जाळीच्या नळीचे, लाखावर सांगितले आणि विहिरीकडचा जमिनीचा तुकडा गेला. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, औषध लावलेला चांगला स्टेंट कर सोडून २९,६०० वर आला. पुढे मर्यादा थोडी वाढली, पण तेव्हाचे आकडे आता नाहीत. तोच स्टेंट, तीच माणसाची छाती. दोन वर्षं आधी झालं असतं तर तो तुकडा आज आपलाच असता. आणि तुमच्या कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, उत्पन्न विचारत नाहीत. पहिल्या हॉस्पिटलने "हे कार्ड आमच्याकडे चालत नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी, कार्डाचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी मी दोन दिवस बसले तेव्हा मंजुरी आली. जमीन विकायची नाही, कुणापुढे हात पसरायचा नाही.

गोदामाचे सात हजार आता मी दर महिन्याच्या पाच तारखेला आईच्या खात्यात टाकेन. माझी ओढाताण होणार नाही. स्कूटरचा हप्ता ऑगस्टात संपला, आणि दिवाळीनंतर माझा पगारही वाढलाय. हे मी तुमच्या समाधानासाठी सांगत नाहीये, स्लिप दाखवीन. इथे आलात की आतली खोली तुमची. खिडकी पूर्वेला आहे, सकाळी ऊन पलंगापर्यंत येतं. बाबांना लागते तशी कडक गादी केलीय, जाड उशी काढून टाकलीय. पाणी तापवायला गीझर आहे, आई, बंब पेटवायला पहाटे उठायचं नाही. भाकरी मी थापते, आता तुझ्यासारखी फुगते.

आता ऐका. मंगळवारी ९ तारखेला कुर्डुवाडीहून हुतात्मा एक्सप्रेसने यायचं, दोन तिकिटं काढलीत. एसटीत दोघांना अर्धं तिकीट आहे आणि रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चपासून बंद आहे, हे बाबा मला सांगणारच. पण त्या खड्ड्यांतून हिंदकळत आणायचं नाही. पैशाचा विषय काढायचा नाही. आधार, कार्ड, अँजिओग्राफीची सीडी आणि सगळे कागद आईच्या पिशवीत, बाबांच्या खिशात नाही. रक्त पातळ होण्याची गोळी एक दिवसही चुकवू नका, मनाने बंद करू नका. तंबाखूची पुडी घरी ठेवून या, बाबा. आई, शिकेकाईच्या डब्यामागे लपवलेलीसुद्धा काढ. जोंधळ्याचं पोतं आणायचं नाही, हुरडाही नाही, जानेवारीत आपणच शेतावर जाऊन खाऊ.

शेठजींकडचा दहा दिवसांचा हिशोब बाकी आहे. तो दादा जाऊन घेऊन येईल. तुम्ही बॅटरी परत द्यायच्या निमित्ताने तिकडे जाऊ नका. मला माहीत आहे, गेलात की बसाल.

गाडी पुण्यात आली की उतरायची घाई करू नका. डब्याचा नंबर माझ्याकडे आहे, मी आत येऊन पिशव्या घेते.

तुमची,
बेबी

ता. क. आई, मांजरीला दूध शेजारच्या काकू घालतील, मी त्यांच्याशी बोललेय. आणि बाबांचा तपकिरी स्वेटर आणायला विसरू नको, कोपराला विरलाय तोच. नवा मी घेतलाय, पण पहिल्या दिवशी ते तो घालणार नाहीत.