पदवी नसलेला मतदार अडाणी नसतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या निवडणुकीवर आपल्या पेपरात बरंच येतं, ट्रम्प काय बोलले, व्हिसाचं काय होणार, शेअर बाजार किती पडला. मागं एका लेखात वाचलं की ट्रम्पना निवडून आणलं ते कमी शिकलेल्या लोकांनी, आणि ते ज्या पद्धतीनं लिहिलं होतं ना, त्यावरून असं वाटलं की कमी शिकलेला म्हणजे कोणीही यावं आणि फसवून जावं असा माणूस. ते मनाला लागलं, म्हणून हे पत्र.

मी आयटीआय फिटर आहे. वाळूज एमआयडीसीत 11 वर्षं काढली, गाड्यांचे पार्ट बनवायची कंपनी होती, एक दिवस सकाळच्या शिफ्टला गेलो तर गेटवर नोटीस, परमनंट काय आणि कॉन्ट्रॅक्टवाले काय सगळे एकाच रांगेत रस्त्यावर. आता गेवराईत वेल्डिंगचं दुकान आहे, ट्रॉल्या, नांगर, गेट-खिडक्या करतो. त्यामुळं ओहायो राज्यातल्या लॉर्ड्सटाऊनचं वाचलं तेव्हा मला ते परदेशातलं वाटलंच नाही.

तिथं 1966 पासून जनरल मोटर्सचा कारखाना होता. ट्रम्बल काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं, सगळा युनियनचा भाग, 1972 नंतर राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तिथं ट्रम्पचा रिपब्लिकन पक्ष कधी पुढं गेला नव्हता. 2016 ला ती काउंटी ट्रम्पकडं गेली. 2017 मध्ये ट्रम्पनी जवळच्याच यंगस्टाऊनला सभा घेऊन सांगितलं की नोकऱ्या परत येणार आहेत, घरं विकू नका. आणि मार्च 2019 मध्ये कारखाना बंद झाला! तरीपण 2020 ला त्या काउंटीनं पुन्हा ट्रम्पलाच मत दिलं, आणि आधीपेक्षा जास्त टक्क्यानं.

आता शिकलेला माणूस म्हणेल बघा किती भोळे. मला तसं वाटत नाही. 1994 ला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोमधला नाफ्टा हा मुक्त व्यापाराचा करार लागू झाला, 2001 ला चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, 2000 साली अमेरिकेतल्या कारखान्यांत पावणेदोन कोटीच्या जवळपास लोक होते ते दहा वर्षांत सव्वा कोटीच्याही खाली आले. हे होत असताना दोन्ही पक्षांची सरकारं होती आणि दोघंही सांगत होते की नवीन स्किल शिका. आम्हालाही तेच सांगितलं होतं, कम्प्युटरचा कोर्स करा म्हणून, आणि सांगणारा माझ्या पोराच्या वयाचा. पंचेचाळीस वर्षाच्या माणसाला, ज्याच्या हाताखाली वीस पोरं काम शिकली, त्याला तू आता काहीच कामाचा नाहीस असं सांगितल्यावर पगार गेल्याचं दुःख राहतं बाजूला आणि मान गेल्याचं दुःख मोठं होतं. मग जो कोणी भाषणात त्याच्या कारखान्याचं नाव घेतो तो त्याला आपला वाटतो, काम होवो न होवो.

अमेरिकेत निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांकडं चार वर्षांची डिग्री नाही. 2024 च्या मतदानोत्तर पाहणीत डिग्री नसलेल्यांतले साधारण 56 टक्के ट्रम्पकडं आणि डिग्रीवाल्यांतले साधारण 55 टक्के डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार कमला हॅरिसकडं होते. त्याआधी जून 2022 मध्ये महागाई 9.1 टक्क्यांवर गेली होती, चाळीस वर्षांतली सगळ्यात जास्त, आणि किराण्याचं बिल ज्याला रोज दिसतं त्याला जीडीपी वाढला हे सांगून काय उपयोग.

पण नुसता पैसा म्हटलं तर हिशोब जुळत नाही. काळा कामगारही तेवढाच गरीब, उलट जास्त, तिथल्या मधल्या गोऱ्या कुटुंबाकडं मधल्या काळ्या कुटुंबाच्या सहा पट मालमत्ता आहे. तरी 2024 ला दहातल्या आठाहून जास्त काळ्या मतदारांनी हॅरिसना मत दिलं. कारण त्यांच्या घरात 1965 च्या मतदान हक्क कायद्याच्या आधीचे दिवस आठवणारी माणसं अजून जिवंत आहेत, दक्षिणेत लिहिता-वाचता येण्याची परीक्षा लावून त्यांना मतदानापासून हाकलायचे. हे आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी गावागावात दलितांवर काय झालं ते बघितलेली माणसं इथंही आहेत. 2024 ला आमच्या बीड लोकसभेचा निकाल 6,553 मतांनी लागला. मराठा शेतकरी असो की ओबीसी, दोघं एकाच मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तेच सोयाबीन विकतात, दोघांच्याही मालाला भाव नाही, आणि मत मात्र जातीनं वाटलं गेलं. 2016 ला मिशिगन राज्य 10,704 मतांनी ट्रम्पकडं फिरलं होतं, हे आकडे मी मुद्दाम शेजारी शेजारी लिहिलेत.

अजून एक, याकडं कोणाचं लक्षच जात नाही. अमेरिकेत मतदान मंगळवारी असतं, 1845 पासून, आणि देशभर सुट्टी नसते. तासावर काम करणाऱ्याला रजा कोण देणार? आपल्याकडं पगारी सुट्टीचा कायदा आहे पण 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं तेव्हा साखर कारखाने सुरू झालेले, आमच्या भागातले किती तरी कोयते, म्हणजे ऊसतोड कामगार, फडात होते, मुकादमाची उचल अंगावर असताना कोण येतंय मत द्यायला गावाकडं.

साहेब, पेपर तुमचा आम्ही पहिल्या पानापासून वाचतो. अमेरिकेवर लिहाल तेव्हा न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या तज्ज्ञांबरोबर लॉर्ड्सटाऊनसारख्या गावातला माणूस काय म्हणतो तेही छापा. आणि आमच्या जिल्ह्याचा निकाल लिहायच्या आधी तुमचा माणूस एकदा मोंढ्यात पाठवा, लिलावाच्या वेळी, हमालांशी आणि माल घेऊन आलेल्यांशी बोलू द्या त्याला, घाई करू नका म्हणावं.

आपला नियमित वाचक,
एक वेल्डर, गेवराई, जि. बीड